तीन तासांचा पेपर चार तासांचा का?

परीक्षेच्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो. एखाद्या अंध विद्यार्थ्याला किंवा हात नीट न चालणाऱ्या विद्यार्थिनीला लेखनिक मिळालेला असतो. शिवाय तासामागे वीस मिनिटे जादा मिळालेली असतात. म्हणजे तीन तासांचा पेपर तिच्यासाठी चार तासांचा होतो. मग कोणीतरी म्हणते, "दया म्हणून ठीक आहे हो, पण बाकीच्या मुलांवर हा अन्याय नाही का?"

विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, आणि प्रश्नही टाळण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर दयेत शोधायला गेलो तर सापडणार नाही. ते सापडते मोजमापाच्या शास्त्रात. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना जे शिकवतो तेच इथे लावून पाहू या.

तराजू आणि पासंग

प्रयोगशाळेत मोजमाप करताना दोन प्रकारच्या चुका होतात. एक चूक कधी इकडे, कधी तिकडे होते. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली की ती बरीच कमी होते. दुसरी चूक नेहमी एकाच बाजूला होते. तराजूचे एक पारडे मुळातच जड असेल तर शंभर वेळा तोलले तरी माल तेवढाच कमी भरणार. अशा वेळी जुने दुकानदार हलक्या पारड्याला पासंग बांधत. पासंग म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली सवलत नव्हे. तो बांधल्यावरच तराजू खरे सांगू लागतो.

लेखी परीक्षा हेसुद्धा मोजण्याचे साधन आहे. इतिहासाच्या पेपरात आपल्याला इतिहासाची समज मोजायची असते. पण कागदावर उमटण्याआधी ती समज डोळ्यांतून, हातातून आणि घड्याळातून जाते. बहुतेक मुलांचे डोळे आणि हात जवळजवळ सारखे चालतात, म्हणून हा भाग आपल्या लक्षातही येत नाही. ज्याचा हात चालत नाही त्याच्या बाबतीत मात्र पेपर इतिहासाऐवजी हाताचा वेग मोजू लागतो. ही एकाच बाजूची चूक आहे. जादा वेळ, लेखनिक, मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका हे तिच्यावरचे पासंग आहेत.

यावर रास्त शंका अशी की पेपर लांबलचक असेल तर जादा वेळेचा फायदा कोणालाही होईल. हे खरे आहे. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचे, या परीक्षेत वेग हाच मोजायचा गुण आहे का? टंकलेखनाच्या परीक्षेत तो आहे. अर्थशास्त्राच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या पेपरात तो नाही. जे मोजायचे आहे त्याला हात लावायचा नाही आणि जे मोजायचे नाही ते मध्ये येऊ द्यायचे नाही, एवढाच हा नियम आहे.

करून पाहा

वर्गातल्या मुलांच्या जोड्या करा. एकाने डोळे मिटून उत्तर सांगायचे, दुसऱ्याने ते लिहायचे. प्रश्न साधा असू द्या. उदाहरणार्थ, प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या, त्याचे रासायनिक समीकरण आणि चार ओळींचे स्पष्टीकरण. लिहिणाऱ्याने सांगितले तेवढेच लिहायचे, स्वतःचे ज्ञान घालायचे नाही. मग तेच उत्तर पहिल्या मुलाला स्वतःच्या हाताने लिहू द्या. दोन्ही वेळा घड्याळ लावा आणि फरक फळ्यावर मांडा.

वेळ कुठे जातो हे मुलेच सांगतील. प्रश्न ऐकून लक्षात ठेवावा लागतो. वाक्य मनात पूर्ण जुळवून मगच सांगावे लागते. समीकरणातला प्रत्येक आकडा वर आहे की खाली हे बोलावे लागते. आधी काय लिहिले ते पुन्हा वाचून घ्यावे लागते. डोळस मूल उत्तराकडे नजर टाकून जे क्षणात करते त्यासाठी इथे दोन माणसांचे बोलणे लागते. केंद्र सरकारने २०१८ साली लेखी परीक्षांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांत तासाला किमान वीस मिनिटे भरपाई म्हणून धरली. 'भरपाई' हाच शब्द नेमका आहे. हा गेलेल्या वेळेचा हिशेब आहे.

टक्के काय सांगतात?

आता प्रमाणपत्राकडे वळू. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे 'युडीआयडी' म्हणजे स्वावलंबन कार्ड यांसाठी संगणकावरून अर्ज करायचा असतो आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. बुलढाणा जिल्ह्यात अशा कामासाठी लोकांची धाव असते ती बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाकडे. जिल्ह्याचे तेरा तालुके. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदसारख्या घाटाखालच्या तालुक्यातून घाटावर बुलढाण्याला यायचे तर एसटीने जाण्यायेण्यातच दिवस मोडतो, आणि ज्याला चालता येत नाही त्याच्यासोबत घरच्या एकाची मजुरीही बुडते. म्हणून कोणती कागदपत्रे लागतील, तपासणी कोणत्या वाराला असते, हे आधी विचारून मगच निघावे. शाळेने हे विचारून दिले तरी एक फेरा वाचतो.

प्रमाणपत्रावर टक्के असतात. ते कसे येतात हे गणिताच्या शिक्षकांना आवडेल. समजा एका विद्यार्थ्याच्या पायाचे अपंगत्व ४५ टक्के आणि ऐकण्याचे ३० टक्के ठरले. दोन्हींची बेरीज ७५ होते, पण प्रमाणपत्रावर ती येत नाही. जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दिलेले सूत्र असे आहे: मोठा आकडा अ, लहान आकडा ब, तर एकूण = अ + ब × (९० − अ) ÷ ९०. म्हणजे ४५ + ३० × ४५ ÷ ९० = ६० टक्के. नुसती बेरीज केली तर दोन-तीन दोष मिळून शंभराच्या वर जाऊ शकतील, हा घोटाळा सूत्राने टळतो.

याच सूत्रातून एक उपयोगी गोष्ट निघते. समजा एक दोष ३० टक्के आणि दुसरा २४ टक्के आहे. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही चाळीसच्या खाली. एकत्र केले की ३० + २४ × ६० ÷ ९० = ४६ टक्के. म्हणून तपासणीला जाताना 'कानाचे काय, ते थोडेसेच आहे' असे म्हणून एक दोष सांगायचाच ठेवू नये.

चाळीस टक्क्यांची रेघ

चाळीस हा आकडा कायद्यातून आला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, नव्यात एकवीस आहेत. वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता, सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलॅसेमिया, स्वमग्नता यांची त्यात भर पडली. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत पूर्वी तीन टक्के जागा राखीव होत्या, आता किमान पाच टक्के आहेत. साठ जागांच्या तुकडीत हा फरक १.८ आणि ३ असा पडतो. प्रवेशासाठी वयाची मर्यादाही पाच वर्षांनी शिथिल आहे.

राखीव जागेसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. एसटीच्या भाड्यातली सवलत आणि अपंग विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती यांनाही तीच रेघ आहे. इथवर ठीक. पण पुढे मोठा गैरसमज होतो. ३५ टक्के असलेल्या विद्यार्थ्याला लोक सांगतात, "तुला काहीच मिळणार नाही." हे चूक आहे.

कायद्यात राखीव जागा वेगळी आणि 'वाजवी सोय' वेगळी. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य बदल, जो संस्थेवर अवाजवी ओझे टाकत नाही, तो म्हणजे वाजवी सोय. ती नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भेदभाव ठरतो. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या या उमेदवाराला चाळीस टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या रेघेला बांधता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने चाळीस टक्क्यांच्या खाली अपंगत्व असलेल्या पण लिहायला अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना काढल्या. पुढे महाराष्ट्रातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, न्यायालयाने दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगितली. टक्के जास्त आहेत एवढ्यावरून कोणाला अपात्र ठरवता येत नाही. त्याला तो अभ्यासक्रम पुरा करता येईल का, हे मंडळाने तपासले पाहिजे.

दोन्ही निकालांतला धडा शास्त्रीय आहे. टक्के शरीराबद्दल सांगतात, गरजेबद्दल नाही. दृष्टी ६/६० आहे याचा अर्थ निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून वाचता येते ते या डोळ्याला सहा मीटरवर यावे लागते. पण दृष्टी अधू होण्याचे प्रकार वेगळे असतात. एकाच्या नजरेचा मधला भाग गेलेला असतो. तो दारातून बिनधास्त चालत येतो पण पुस्तक वाचू शकत नाही. दुसऱ्याला नळीतून पाहिल्यासारखे फक्त मधले दिसते. तो बारीक अक्षर वाचतो पण अनोळखी जिन्यावर अडखळतो. दोघांच्या कागदावर टक्के सारखे असले तरी पहिल्याला मोठा टाइप किंवा वाचून दाखवणारा हवा, आणि दुसऱ्याला तळमजल्यावरची, रोज तीच असलेली खोली हवी.

बारावीनंतर काय बदलते?

शाळेत असताना मुख्याध्यापक प्रस्ताव तयार करतात, तो अमरावती विभागीय मंडळाकडे जातो आणि दहावी-बारावीला सवलत मिळते. मुलाला आणि पालकांना वाटते की आता ही सोय आपल्या नावापुढे कायमची लिहिली गेली. तसे होत नाही. मंडळाची मंजुरी मंडळाच्या परीक्षेपुरती असते. जिल्ह्यातली महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि विद्यापीठासाठी हा विद्यार्थी नवा असतो. शाळेत शिक्षक मुलाला ओळखत होते. महाविद्यालयात तो शेकडो अर्जांतला एक होतो. आजवर त्याच्यासाठी मोठ्यांनी मागितलेले आता त्याला स्वतःला मागावे लागते. पहिल्याच सत्रात अनेकांची गाडी इथे अडते.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांसाठी आणखी एक खाच आहे. २०१८ च्या सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र मग कायम राहते. अठरावे वर्ष म्हणजे नेमके महाविद्यालयात पाऊल टाकण्याचे वर्ष. दहावीच्या आधारावर चालत आलेला कागद ऐन प्रवेशाच्या वेळी जुना होतो. बारावीच्या वर्गशिक्षकांनी एवढी तारीख पाहून ठेवली तरी मुलाचे एक सत्र वाचेल.

कोणाला काय लागते?

सोय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उतरण आणि लेखनिक येतात. बऱ्याच सोयी याहून साध्या असतात, मात्र त्यांच्यामागचे कारण समजून घ्यावे लागते.

ऐकण्याचा दोष घ्या. चष्म्याने अक्षर स्पष्ट होते तसे श्रवणयंत्राने बोलणे स्पष्ट होतेच असे नाही. यंत्र बोलण्याबरोबर पंख्याचा आवाजही मोठा करते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवरून आठ मीटरवर गेले की १८ डेसिबल. खोलीत भिंतींवरून आवाज परततो म्हणून एवढा उतरत नाही, पण त्या परतीच्या आवाजात स, श, फ यांसारखी बारीक व्यंजने पुसली जातात. म्हणून पहिला बाक, फळ्याकडे तोंड करून न बोलणे आणि टिपणे आधी देणे या तीन गोष्टींनी, एक पैसा खर्च न होता, बरेच काम होते.

अंध विद्यार्थी आज संगणकावर वाचतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा 'एनव्हीडीए' हा कार्यक्रम फुकट मिळतो आणि तो मराठीही बोलतो. तरी पुष्कळदा सरांनी दिलेली मराठी टिपणे त्याला वाचता येत नाहीत. कारण अक्षरसंचात आहे. कृतिदेवसारख्या जुन्या अक्षरसंचात पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या आत साठवलेले असते ते इंग्रजी 'डी' हे अक्षर. डोळ्याला क, यंत्राला डी. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर आतूनही 'क'च असतो. तसेच पुस्तकाच्या पानाचा नुसता फोटो काढून पाठवला तर यंत्राला तो एक चित्र वाटतो. टिपणे युनिकोडमध्ये टंकणे ही महाविद्यालयाने करायची सर्वांत स्वस्त सोय आहे.

तिसरे उदाहरण न दिसणाऱ्या अपंगत्वाचे. सिकलसेल विदर्भातल्या अनेक समाजांत आढळतो. या आजारात प्राणवायू सोडल्यावर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. शरीरातले पाणी कमी झाले, ताप आला, फार दमणूक झाली की झटक्याची शक्यता वाढते. आता आपल्याकडचा उन्हाळा आणि विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा डोळ्यांपुढे आणा. या विद्यार्थिनीला जादा वेळेपेक्षा पाण्याची बाटली, पंख्याखालची जागा, लघवीला जाण्याची मोकळीक आणि झटक्यामुळे बुडालेल्या हजेरीचा विचार जास्त महत्त्वाचा आहे. ती वर्गात इतरांसारखीच दिसते, म्हणून 'नाटक करते' हा शेरा तिच्या वाट्याला सहज येतो. तिच्या बाबतीत पहिली सोय म्हणजे तिचे म्हणणे खरे मानणे.

अर्जात काय लिहायचे?

अर्ज प्रवेश झाल्याबरोबर करावा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून पुष्कळदा 'आता वेळ नाही' एवढेच उत्तर मिळते. अर्ज प्राचार्यांच्या नावे लेखी द्यावा, पोहोच घ्यावी, आणि परीक्षेच्या सोयीसाठी तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवण्याची विनंती त्यातच करावी. लेखनिक कोणी आणायचा, त्याची पात्रता काय, याचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून दर परीक्षेआधी चालू परिपत्रक पाहावे.

मजकुरात 'मी अपंग आहे, सवलत मिळावी' एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला काही करता येत नाही. तीन गोष्टी लिहाव्यात. कोणते काम अडते, कशामुळे अडते आणि काय केले तर ते होईल. उदाहरणार्थ: "उजव्या हाताच्या स्नायूंच्या विकारामुळे मला दहा मिनिटांच्या वर सलग लिहिता येत नाही. मी उत्तर तोंडी नीट सांगू शकते. म्हणून लेखनिक आणि तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळावा. प्रात्यक्षिकात उपकरण जुळवायला मदतनीस मिळावा, निरीक्षणे मी स्वतः घेईन." शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. जे मोजायचे आहे ते स्वतः करण्याची तयारी त्यात आहे. प्रमाणपत्राची आणि बारावीला मिळालेल्या मंजुरीची प्रत सोबत जोडावी.

नकार आला तर तो लेखी मागावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, त्यांचा आधार घेता येतो. तरीही काम झाले नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे तक्रार करता येते.

शिक्षकांचे काम

बारावीच्या निरोप समारंभाआधी शिक्षकाने एक पान लिहून द्यावे. त्या मुलाला कोणत्या कामात अडचण येते, शाळेत काय केले आणि त्यातले काय उपयोगी पडले, एवढेच त्यात असावे. दोन वर्षे त्याला रोज पाहणाऱ्याने लिहिलेले हे पान कोणत्याही रुग्णालयात मिळत नाही. प्रमाणपत्र टक्के सांगते, हे पान गरज सांगते. ते मुलासमोर बसून लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी तेच शब्द त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता येतील.

आणि शिक्षकांच्या खोलीत तो प्रश्न पुन्हा निघाला, तर वर्गातल्या त्या दोन मुलांचा प्रयोग तिथेच करायला सांगावा. डोळे मिटून एक समीकरण दुसऱ्याला सांगायचे आणि घड्याळ लावायचे. पासंग का लागतो हे मग वेगळे समजवावे लागत नाही.